सागरी मत्स्यालयातील वाळू

घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात तळाशी पसरण्यासाठी बहुधा ॲरॅगोनाइट वाळू वापरतात. हे कॅल्शियम कार्बोनेटाचे खनिज. दगडी प्रवाळांचे सांगाडे व अनेक शिंपले याचेच असतात. बहामा बेटांजवळच्या उथळ समुद्रातली गोल, गुळगुळीत कणांची ऊलिटिक वाळू विशेष प्रसिद्ध आहे. ही वाळू पाण्याचा सामू टिकवते असे सर्रास सांगितले जाते. मात्र सामू ८ च्या वर असेपर्यंत ती जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून क्षारता (अल्कलिनिटी) नियमित मोजण्याला पर्याय नाही.

निवडीत कणांचा आकार सर्वांत महत्त्वाचा. फार बारीक वाळू पंपाच्या प्रवाहाने उडून प्रवाळांवर बसते, तर जाड खडीत उरलेले अन्न अडकून कुजते. साधारण १ ते २ मिमी. कण बहुतेकांना सोयीचे. रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या रास माशांसाठी मऊ, बारीक वाळूच हवी. टोकदार तुकड्यांनी त्यांचे अंग सोलवटते. थराची जाडी २.५ ते ५ सेंमी. पुरते. १० सेंमी.हून खोल थरात प्राणवायू पोचत नाही. तिथले जीवाणू नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. असा थर पुढे उकरू नये, कारण त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो.

कोकणच्या किनाऱ्यावरून वाळू भरून आणणे टाळावे, कारण ती चुनखडीचीच असेल असे नाही. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमाचे खनिज असते. वाळू ओळखण्याची खूण अशी: चुनखडीयुक्त वाळू व्हिनेगरमध्ये फसफसते, गारगोटीची नाही. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने प्रवाळांचा चुरा घेताना तो कुठून आला हे विचारावेच.