वाळवीच्या पोटातले ‘परजीवी’

जोसेफ लाइडी हे फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ. वाळवी खाते तरी काय, या कुतूहलापोटी त्यांनी तिचे आतडे सूक्ष्मदर्शकाखाली उघडले. आतला तपकिरी ऐवज म्हणजे जिवंत गर्दी निघाली. एकपेशीय प्रजीव, आणि त्यांच्या अंगावर चाबकासारख्या लवलवणाऱ्या कशाभिका. त्यातल्या एकाचे नाव त्यांनी १८७७ साली ठेवले ट्रायकोनिम्फा अजिलिस, म्हणजे साधारण ‘चपळ केसाळ अप्सरा’. असे लाडके नाव देणाऱ्या लाइडींनी १८७७ आणि १८८१ या दोन्ही निबंधांच्या शीर्षकांत मात्र या जिवांना ‘परजीवी’ म्हटले.

मी या एका शब्दापाशी अडकलो. लाइडी काही ढिसाळ माणूस नव्हे. डुकराच्या मांसातला ट्रिकिना कृमी त्यांनीच १८४६ मध्ये ओळखला होता. पण दुसऱ्याच्या अंगात राहणारा तो फुकट खाणारा, हा त्या काळाचा हिशेबच होता.

तो तपासून पाहिला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेम्युएल क्लीव्हलंड यांनी, १९२३-२४ मध्ये. प्रयोग अगदी साधा. वाळवी २४ तास ३६ अंश सेल्सिअसला ठेवली. वाळवी वाचली, प्रजीव मेले. मग ती पूर्वीसारखीच लाकूड खात राहिली आणि पोट भरलेले असतानाच उपासमारीने मेली. प्रजीव परत पोटात गेले, तर जगली. बुरशीने आधीच पचवलेले लाकूड दिले, तरी जगली. ४६ वर्षांनी ‘परजीवी’ स्वयंपाकी ठरले.

(आपल्याकडे वारुळे उभारणारी ओडोंटोटर्मिस यात बसत नाही. तिच्या पोटात हे प्रजीव नसतात, ती वारुळात बुरशीची शेती करते. पाठ्यपुस्तकातले ‘वाळवी’ हे सरसकट एकवचन मला म्हणूनच खटकते.)

मला अधिक मोलाची वाटते ती कात. कात टाकताना या वाळवीच्या मागच्या आतड्याचे अस्तरही निघून जाते आणि प्रजीव नाहीसे होतात. ते पुन्हा मिळवायचे तर सोबतिणीच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटावा लागतो. सांगायला किळसवाणे आहे, पण एकटी पडलेली वाळवी कात टाकून जगणार कशी?

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मास्टोटर्मिस वाळवीत जीन सदरलंड यांना १९३३ मध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढणारा एक प्रजीव सापडला. पुढे चार कशाभिका आणि अंगभर बारीक केसल. दोन्ही एकाच पेशीवर कसे? म्हणून नाव ठेवले मिक्सोट्रिका पॅराडॉक्सा. १९६४ मध्ये क्लीव्हलंड आणि ग्रिमस्टोन यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. केसल म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेले स्पायरोकीट जीवाणू निघाले, लाखोंच्या संख्येने. पुढे ढकलतात ते हेच. स्वतःच्या चार कशाभिका फक्त दिशा बदलण्यापुरत्या.

कोडे सुटले, तरी नाव पॅराडॉक्साच राहिले.