लष्करातली फटफटी

ग्वाल्हेरच्या बाजारपेठेच्या भागाला लष्कर म्हणतात, आणि ते नाव छावणीवरूनच पडलेलं आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्काम ठोकला. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबं तिथलीच झाली. त्या पेठांच्या बोळांत आज जी मोटरसायकल सगळ्यांत रुबाबात उभी असते, तीही मुळात छावणीतलीच. बुलेट.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने इंग्लंडमधल्या रेडिच गावी बनणारी रॉयल एनफिल्ड बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला गाड्यांची जोडणी सुरू झाली. पुढे सगळे सुटे भागही इथेच बनू लागले. १९७० पर्यंत मूळ इंग्रज कंपनीने गाशा गुंडाळला, पण तिरुवोत्तियूरचा कारखाना जवळजवळ तोच आराखडा पुढची कित्येक वर्षं गिरवत राहिला. परवान्यांच्या राज्यात नवं मॉडेल काढायची कुणालाच घाई नव्हती. आज ज्याला कौतुकाने ‘क्लासिक’ म्हणतात, ते तेव्हा क्लासिक नव्हतं. जे मिळत होतं ते होतं.

सैन्याला ही गाडी मानवली त्याचं कारण तिच्या पोटात आहे. जुन्या ३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. लांब धाव आणि जड फ्लायव्हील, त्यामुळे इंजिन सावकाश फिरतं, पण ओढ सोडत नाही. चालत्या माणसाच्या वेगानेही ती न अडखळता चालते. याचा सर्वांत देखणा पुरावा ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर, टेकनपूरला सापडतो. सीमा सुरक्षा दलाची अकादमी तिथे आहे आणि दलाचं मोटर परिवहन प्रशिक्षण केंद्रही. ‘सीमा भवानी’ हे महिला जवानांचं मोटरसायकल पथक २०१६ मध्ये तिथेच उभं राहिलं आणि २६ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीच्या राजपथावर प्रथमच उतरलं. एका बुलेटवर पाच-सात जणींचा मनोरा तोलून धरायचा, तर गाडी धक्के देणारी असून चालत नाही.

पण छावणीतल्या गाडीमागे वर्कशॉप असतं, हे विसरलं जातं. ती भरवशाची ठरते, कारण तिची निगा राखणं ही कुणाची तरी नेमून दिलेली ड्युटी असते. तीच गाडी घेऊन लष्करातल्या महाराज बाड्याजवळून सात-आठ किलोमीटरवरच्या मोरारला रोज दहाच्या आत पोचायचं, हे प्रकरण निराळं होतं.

सकाळ किल्लीने सुरू होत नसे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा. मग किक हलक्या पायाने दाबत टाकीपुढच्या ॲम्पियर मीटरकडे बघायचं. इग्निशनचे पॉइंट जुळलेले असतील तोवर काटा एका बाजूला कललेला. पिस्टन वर आला, पॉइंट उघडले की काटा मधोमध. त्या क्षणी डीकॉम्प्रेसरची दांडी ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक थोडी पुढे न्यायची, दांडी सोडायची आणि मगच सगळं वजन घालून खाली. हिशेब चुकला तर किक उलटी येई आणि घोटा सुजे. ज्या घरात बुलेट असे, त्या घरातली मुलं सायकलीनंतर दुसरी विद्या शिकत ती ही. शिवाय गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. दुसऱ्याची गाडी मागून नेणारा माणूस पहिल्याच चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबत असे.

तेलाचं तर काय सांगावं! बुलेटखाली तेलाचा डाग दिसला नाही, तर तेल संपलं समजावं, हा विनोद देशभर चालतो. पॉइंट घासायचे, टॅपेट पुन्हा पुन्हा लावावे लागायचे, क्लचची केबल नेमकी गर्दीत तुटायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो अशा या शहरात ओतीव लोखंडी सिलिंडरची गाडी रांगेत उभी ठेवणं म्हणजे मांडीशी शेगडी घेऊन बसणं. तरीही लोक तिला ‘भरवशाची’ म्हणत आणि ते खोटं नव्हतं. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, आणि पाना, स्क्रू ड्रायव्हर नि पॉलिशपेपरचा तुकडा असलेला कुठलाही मिस्त्री रस्त्याकडेला तो काढून देई. बंद पडायची वारंवार, पण ढकलत घरी नेण्याची वेळ क्वचित यायची.

खेड्यात भरवशाच्या गाडीचा मान एस्कॉर्ट्‌सच्या राजदूतला होता. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत उत्तर हिंदुस्थानात इतकी सर्रास होती की तिला दूधवाल्यांची गाडीच म्हणत.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि भरवशाची व्याख्याच बदलली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगायची. विसरून जा! बुलेटवाल्याला हे जवळजवळ अपमानास्पद वाटावं. पण कारकून, शिक्षक, औषधविक्रेते यांना नेमकं तेच हवं होतं, आणि बुलेट हळूहळू हौशी लोकांची आणि वर्दीवाल्यांची गाडी होऊन बसली.

ती परत रोजच्या रस्त्यावर आली ती रूप जुनं ठेवून, आतलं सगळं बदलून. १९९४ मध्ये एनफिल्ड आयशर समूहात विलीन झाली होती. २००९ मध्ये क्लासिक आली: इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, गिअर डाव्या पायाला, हँडलवर स्टार्टरचं बटण. २०२० मध्ये प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनी ३५० सीसी गाड्यांचा कार्बोरेटर घालवला आणि इंधनाचा हिशेब संगणकाकडे गेला. सप्टेंबर २०२१ ची क्लासिक तर पूर्ण नवी, ३४९ सीसी, वीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन १९५ किलो. धाव अजूनही व्यासापेक्षा लांब ठेवली आहे, ७२ ला ८५.८, ठेका टिकवायचा होता ना. जावा या जुन्या मोटरसायकलनेही २०१८ मध्ये पुनर्जन्म घेतला, तो याच मध्य प्रदेशात, पीथमपूरच्या कारखान्यात.

रोज कामावर जायला यांतली कुठली घ्यावी, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: नवी. तेल गळत नाही, एबीएस आहे, सकाळी बटण दाबलं की निघाली. मात्र बॅटरी बसली किंवा इंधनाचा पंप रुसला तर कोपऱ्यावरचा मिस्त्री नुसता बघत राहतो. तिथे स्कॅनर लागतो आणि तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. शिवाय १९५ किलोंची गाडी सराफा बाजाराच्या गर्दीत मागे घेणं हा काही आनंदाचा भाग नाही.

जुन्या-नव्याचा हा सौदा बघायला ग्वाल्हेरचा मेळा बरा. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी तो गुरांचा बाजार म्हणून भरवला होता. बैलाचे दात मोजून, पाठीवर थाप मारून व्यवहार व्हायचे. अलीकडे हिवाळ्यात तिथे मोटारी आणि मोटरसायकली विकल्या जातात. मेळ्यात घेऊन ग्वाल्हेरच्या आरटीओत नोंदवलेल्या गाडीला राज्य सरकारने अनेकदा रस्ता करात ५० टक्के सवलत दिली आहे, म्हणून दूरदूरची गिऱ्हाइकं येतात. मंडपात चकचकीत क्लासिक ओळीने उभ्या असतात. जुनी बुलेट चालवलेला एखादा गृहस्थ तिच्यावर बसतो, टाकीवरून हात फिरवतो आणि सवयीने उजवा पाय बाहेर काढून किक चाचपतो. ती तिथे नसते. विक्रेता नम्रपणे अंगठ्याजवळच्या बटणाकडे बोट दाखवतो.