कातड्यात गुंडाळलेल्या माणसाचा मागोवा

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांची माहिती देणारं मार्टिन मार्टिन यांचं पुस्तक १७०३ साली लंडनमध्ये निघालं. मार्टिन त्यांतल्याच स्काय बेटावरचे, गेलिक बोलणारे. त्यामुळे आपल्या माणसांविषयी ते आतून लिहितात. कौल मागायच्या तिथल्या रीतींपैकी एक अशी: काही जण वस्तीपासून दूर, निर्जन जागी जात, आपल्यातल्या एकाला निवडत, गाईच्या मोठ्या कातड्यात त्याला गुंडाळत, डोकं तेवढं उघडं ठेवत आणि रात्रभर एकट्याला तिथे सोडून देत. त्याचे अदृश्य सोबती येऊन विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत. लुईस बेटावरचा जॉन एराख अशी एक रात्र काढून आलेला होता. कातड्यात असताना जे ऐकलं, जे जाणवलं ते बोलून दाखवता येणार नाही आणि काहीही मिळालं तरी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असं त्याने कळवळून कबूल केल्याचं मार्टिन नोंदवतात.

या रीतीचं गेलिक नाव तागेरम. ‘केल्टिक शामानिझम’वर लिहिणारे तिच्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवतात आणि तिला सैबेरियातल्या शामानांशी जोडतात. ही जोडणी मला घाईची वाटते. कातड्याचा माग मागे मागे काढत गेलं, तर वाट सैबेरियाकडे वळत नाही.

मार्टिन यांच्या आधी सुमारे सत्तर वर्षं, १६३४च्या आसपास, आयर्लंडमध्ये जेफ्री कीटिंग हे कॅथलिक धर्मगुरू आपल्या देशाचा इतिहास आयरिश भाषेत लिहीत होते. ते सांगतात, की जुने ड्रुइड पुरोहित बळी दिलेल्या बैलांची कातडी राखून ठेवत, रोवन झाडाच्या फांद्यांच्या तट्ट्यांवर मांसाची बाजू वर करून ती पसरत आणि त्यांच्या साहाय्याने पिशाच्चांना बोलावून ज्ञान काढून घेत. एखाद्या गोष्टीचा छडा लावण्यासाठी कुणी सगळे उपाय केले, की तो ‘ज्ञानाच्या तट्ट्यांवर गेला’ असं लोक म्हणत. ती म्हण इथूनच आली, असं कीटिंग यांचं म्हणणं.

त्याहून मागे गेलं की ‘तारवेश’ लागतो, म्हणजे वृषभभोज. राजा निवडायची ही रीत दोन जुन्या आयरिश कथांत येते. बैल मारायचा, एका माणसाने त्याचं मांस आणि रस्सा पोटभर खाऊन निजायचं, त्याच्यावर सत्याचा मंत्र म्हणायचा. पुढचा राजा त्याला झोपेत दिसे. एका कथेत बैल पांढरा असतो आणि मंत्र चार ड्रुइड म्हणतात. दुसऱ्या कथेत निजलेल्याला एक नागवा तरुण गोफणीत दगड घेऊन राजांचं पीठ असलेल्या ताराच्या रस्त्याने येताना दिसतो. तो कॉनरे, पुढचा राजा. निजलेला माणूस खोटं बोलला, तर तो मरणार असतो.

हा माणूस बैलाच्या कातड्यात गुंडाळलेला होता, असं आता पुष्कळ पुस्तकं बिनदिक्कत लिहितात. दोन्ही कथांत त्या प्रसंगी कातडं नाही. मांस आहे, रस्सा आहे, झोप आहे. कातडं कीटिंग आणि मार्टिन यांच्याकडून उचलून मागच्या कथेत नेऊन ठेवलं गेलं. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली, तरी दोन हजार वर्षं अखंड चालत आलेल्या विधीचा दावा सैल पडतो.

आयर्लंडमध्ये निजण्याचं एक कातडं मात्र होतं, आणि ते एका संताच्या गाईचं होतं. सहाव्या शतकातले संत कीरन शिकायला निघाले, तेव्हा घरची भुरी गाय त्यांच्यामागून चालत गुरूच्या मठापर्यंत आली आणि तिच्या दुधावर सारे शिष्य पोसले, अशी कथा आहे. ती मेल्यावर तिचं कातडं क्लॉनमॅकनॉइजच्या मठात जपून ठेवलं गेलं. त्यावर पडून जो प्राण सोडेल, त्याला स्वर्ग मिळतो, अशी श्रद्धा होती. त्याच मठाशी बांधलेलं, ११००च्या सुमाराचं एक हस्तलिखित ‘भुऱ्या गाईचं पुस्तक’ म्हणून ओळखलं जातं; त्याची पानं त्याच कातड्याची, असं परंपरा सांगते. काळाच्या गणितात ते बसत नाही. पण पांढऱ्या बैलाच्या तारवेशाची कथा याच पुस्तकात आहे. ड्रुइडांचा विधी आपल्यापर्यंत पोहोचला तो ख्रिस्ती भिक्षूंच्या हातून, आणि त्यांच्याच लेखी गाईचं कातडं हे परलोकाचं दार होतं. शामान शोधायला निघालेले लोक या गाईपाशी थांबत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

वेल्समध्येही हे कातडं भेटतं. ‘रोनाब्वीचं स्वप्न’ या मध्ययुगीन कथेत पिसवांनी भरलेल्या घाणेरड्या घरात झोप लागेना, म्हणून रोनाब्वी पिवळ्या कातड्यावर जाऊन पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री आर्थर राजाचं स्वप्न पाहतो. कथा थट्टेची आहे. ऐकणाऱ्यांना कातड्याचं माहात्म्य ठाऊक असल्याखेरीज ती थट्टा रंगली नसती.

केल्टिक मुलखाच्या बाहेर पाहिलं, तर सगळ्यात जवळचे नातलग दक्षिणेला सापडतात. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या सातव्या सर्गात राजा लॅटिनस शंभर मेंढ्या बळी देतो, त्यांच्या कातड्यांवर पडून राहतो आणि कौल ऐकतो. ग्रीसमध्ये ओरोपसला अँफिअराउसच्या देवस्थानी लोक मेंढा कापून त्याच्या कातड्यावर निजत, असं पाउसानियस लिहितो. व्हर्जिल तर आयरिश मठांत वाचला जात होता. सैबेरियाचा शामान ढोल वाजवतो, नाचतो, त्याचा आत्मा देह सोडून प्रवासाला जातो. कातड्यातला माणूस हलतही नाही. तो कुठे जात नाही. जे यायचं ते त्याच्याकडे येतं.

एक आयरिश पात्र मात्र शामानासारखं दिसतं, हे मान्य केलं पाहिजे. मंस्टरचा आंधळा ड्रुइड मुग रुइथ. बिनशिंगी बैलाचं कातडं पांघरून, ठिपकेदार पक्ष्याचा शिरपेच चढवून तो आकाशात उडतो. पण त्याची कथा पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात मिळते, आणि ती वीरकथा आहे.

मार्टिन यांच्यानंतर तागेरमचं रूप पालटलं. थॉमस पेनंट १७७२ साली बेटांवर आले. स्कायच्या ट्रॉटर्निश भागात त्यांना कळलं, की कातड्यात शिवलेल्या माणसाला धबधब्यामागच्या पोकळीत बसवत आणि पाण्याच्या गर्जनेत, थरथरत उभा राहून कौल मागायला आलेला प्रश्न विचारी. पेनंट यांना ही भोंदूगिरी वाटली. वॉल्टर स्कॉट यांना तीच गोष्ट काव्याजोगी वाटली. ‘लेडी ऑफ द लेक’मध्ये (१८१०) पांढऱ्या बैलाच्या कातड्यात, धबधब्याजवळ पडून ब्रायन हा तापसी लढाईचा कौल मिळवतो. हे काव्य अफाट खपलं, त्यातलं तळं पाहायला प्रवाशांची रीघ लागली. शूबर्टचं ‘आवे मारिया’ म्हणून जगभर गायलं जाणारं गीतही याच काव्यावरचं. धबधबा आणि पांढरा बैल लोकांच्या मनात एकत्र बसले, ते बहुतेक स्कॉट यांच्यामुळे.

शामान हा शब्द या साऱ्याला चिकटला विसाव्या शतकात. नोरा चॅडविक यांनी १९४२च्या ‘पोएट्री अँड प्रॉफेसी’त आयरिश कवींच्या द्रष्टेपणाची दूरदूरच्या लोकांशी तुलना केली, ती अभ्यासूची तुलना होती. १९५१ मध्ये मिर्चा एलियादे यांचा शामानिझमवरचा ग्रंथ पॅरिसला निघाला. १९८० मध्ये मायकेल हार्नर यांनी एका लयीतल्या ढोलाच्या साथीने कुणालाही शिकता येईल अशी शामानी पद्धत पुस्तकात मांडली. १९९१ मध्ये जॉन मॅथ्यूज यांचं ‘द केल्टिक शामान’ आलं, आणि त्यात वाचकाने स्वतः करायचे अभ्यास होते.

यातून ज्यांना आधार मिळतो, त्यांचा आधार मला हिरावून घ्यायचा नाही. पण एक फरक डोळ्यांआड होऊ नये. पुढचा राजा कोण, असं तारवेशात सारी प्रजा विचारत होती आणि उत्तरापायी निजणाऱ्याचा जीव पणाला लागत होता. जॉन एराख रात्रभर कातड्यात पडून राहिला, तोही त्याला तिथे सोडून गेलेल्यांचा प्रश्न घेऊन. आजच्या अभ्यासात प्रश्न विचारणारा आणि निजणारा एकच असतो, आणि प्रश्न बहुधा त्याच्या स्वतःविषयी असतो.