शेंगेन व्यवस्था आणि आयर्लंड

शेंगेन व्यवस्था आणि आयर्लंड : यूरोपीय संघाच्या सामाईक सीमा व सुरक्षा-व्यवस्थेत केवळ अंशतः सहभागी असलेल्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या विशेष स्थितीचा इतिहास. संघाच्या बहुतेक सदस्य-राष्ट्रांनी परस्परांच्या सीमांवरील पारपत्र-तपासणी रद्द केली आहे आणि तीमुळे येणारी सुरक्षेची जोखीम पोलीस-सहकार्य व माहितीची देवाणघेवाण यांच्या साहाय्याने वाटून घेतली आहे. आयर्लंडने यांपैकी दुसरा भाग बऱ्याच अंशी स्वीकारला, पहिला मात्र नाकारला. या निवडीचे मूळ ब्रूसेल्समध्ये नसून आयर्लंडच्या फाळणीत आहे.

६ डिसेंबर १९२२ रोजी आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. त्यामुळे सु. ५०० किमी. लांबीची एक सीमारेषा शेतांतून, गावांतून, क्वचित एकाच कुटुंबाच्या जमिनीतून आखली गेली. एप्रिल १९२३ पासून तीवर जकात-चौक्या बसल्या. परंतु माणसांच्या ये-जा करण्यावर निर्बंध घालणे दोन्ही सरकारांना परवडणारे नव्हते. म्हणून त्याच वर्षाच्या आरंभी त्यांच्यात एक अनौपचारिक समझोता झाला. परकीयांच्या प्रवेशाबाबत एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याने अंमलात आणावा, असे त्याचे स्वरूप होते. ‘सामाईक प्रवासक्षेत्र’ या नावाने पुढे ओळखली गेलेली व्यवस्था ती हीच. तिला कोणत्याही रीतसर तहाचा आधार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ती स्थगित झाली, तेव्हा ब्रिटनने तपासणी बसविली ती आयर्लंडच्या भूसीमेवर नव्हे, तर ग्रेट ब्रिटन व संपूर्ण आयर्लंड बेट यांच्यामधील समुद्रमार्गावर. बेलफास्टच्या ब्रिटिश नागरिकालाही लंडनला जाताना कागदपत्रे दाखवावी लागत व उत्तरेतील संघवाद्यांना ते अपमानास्पद वाटे. भूसीमेवर पहारा ठेवणे व्यवहारतः अशक्य आहे, याची ही पहिली ठळक कबुली होती. १९५२ मध्ये अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहाराने ही व्यवस्था पुन्हा सुरू झाली. त्यापूर्वीच, प्रजासत्ताक होऊन आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडल्यावरही (१९४९), तो ‘परकीय देश’ मानला जाणार नाही, असे ब्रिटिश संसदेने कायद्याने ठरविले होते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये सुरू झालेल्या सशस्त्र संघर्षात सीमेवरील अनेक लहान रस्ते लष्कराने उखडून वा अडथळे टाकून बंद केले. टेहळणी-मनोरे व लष्करी चौक्या उभ्या राहिल्या. तथापि पारपत्राची सक्ती त्या काळातही आली नाही. यूरोपीय एकसंध बाजारपेठेमुळे १ जानेवारी १९९३ रोजी जकात-चौक्या गेल्या आणि १० एप्रिल १९९८ च्या शांतता-करारानंतर लष्करी चौक्याही क्रमाने हटल्या. दोनशेहून अधिक रस्त्यांवरील मोकळी वाहतूक हे शांततेचे सर्वांना डोळ्यांनी दिसणारे फळ ठरले.

दरम्यान खंडीय यूरोपात वेगळीच घडामोड चालू होती. १४ जून १९८५ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग या पाच देशांनी लक्सेंबर्गमधील शेंगेन या गावाजवळ मोझेल नदीवरील एका बोटीवर करार केला. १९९० च्या अंमलबजावणी-संकेताने त्याला तपशील दिला व २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. बाह्य सीमा कडक व अंतर्गत सीमा मोकळ्या, हे त्याचे सूत्र. ब्रिटनला ते मान्य नव्हते; बेटावरील देशाने बंदरे व विमानतळ येथेच तपासणी करणे योग्य, अशी त्याची भूमिका होती. ब्रिटन बाहेर व आयर्लंड आत असे झाले असते, तर आयर्लंडची भूसीमा शेंगेनची बाह्य सीमा ठरली असती आणि तेथे पारपत्र-चौक्या उभारणे डब्लिनला भाग पडले असते. आयर्लंडचा नकार हा अशा रीतीने शेजाऱ्याच्या नकारातून आलेला होता.

ॲम्स्टरडॅम तहाने (स्वाक्षरी १९९७, अंमल १९९९) शेंगेनचे नियम यूरोपीय संघाच्या चौकटीत आणले, तेव्हा या दोन देशांसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल जोडले गेले. एकाने सामाईक प्रवासक्षेत्र टिकविण्याची मुभा दिली. दुसऱ्याने शेंगेन-नियमांपैकी काही वा सर्व नियमांत सहभागी होण्यासाठी केव्हाही अर्ज करण्याचा हक्क दिला. अर्ज मंजूर होण्यास मात्र सहभागी राष्ट्रांचे एकमत हवे. ही अट पोकळ नव्हती : जिब्राल्टरच्या वादामुळे स्पेनच्या आडकाठीने ब्रिटनचा अर्ज वर्षभर रखडला. सामाईक प्रवासक्षेत्राला बाध न येता शक्य तितके अधिक सहकार्य करू, असे निवेदन आयर्लंडने तहासोबतच केले होते. त्यानुसार २८ फेब्रुवारी २००२ रोजी मंत्रिपरिषदेने त्याला पोलीस-सहकार्य, फौजदारी बाबींतील न्यायालयीन साहाय्य, अमली पदार्थविरोधी कार्य आणि शेंगेन माहिती-प्रणाली यांतील सहभागाची अनुमती दिली.

कागदावरील हा सहभाग प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ एकोणीस वर्षे लागली. मंत्रिपरिषदेचा अंमलबजावणीचा निर्णय १८ नोव्हेंबर २०२० चा, तर आयर्लंड माहिती-प्रणालीला जोडला गेला १५ मार्च २०२१ रोजी. अटक-अधिपत्र निघालेल्या व्यक्ती, बेपत्ता माणसे, चोरीची वाहने व हरवलेली पारपत्रे यांविषयीच्या सूचना तेव्हापासून आयरिश पोलिसांना, म्हणजे गार्डांना, तत्काळ मिळू लागल्या. अमुक परकीयास प्रवेश नाकारावा, या प्रकारच्या सूचना मात्र त्यांना मिळत नाहीत, कारण तो भाग सीमाव्यवस्थेचा आहे व ती आयर्लंडने स्वीकारलेली नाही. ही विभागणी वाटते तितकी सोपी नाही. यूरोपीय सीमा-अभिकरणात भाग घेऊ देण्याची ब्रिटनची मागणी यूरोपीय न्यायालयाने १८ डिसेंबर २००७ रोजी फेटाळली. मूळ नियम न स्वीकारता त्यावर उभारलेल्या पुढील योजनेत सामील होता येणार नाही, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. आयर्लंडलाही तेच लागू आहे.

ज्या ब्रिटनसाठी आयर्लंड शेंगेनबाहेर राहिला, त्या ब्रिटननेच २०१६ च्या सार्वमतानंतर संघ सोडला (३१ जानेवारी २०२०). त्याच वर्षअखेर ब्रिटिश पोलिसांची शेंगेन माहिती-प्रणाली बंद झाली आणि अडीच महिन्यांनी ती आयर्लंडला मिळाली. जवळजवळ शतकभर अनौपचारिक राहिलेले सामाईक प्रवासक्षेत्र ८ मे २०१९ च्या सामंजस्य-पत्राने प्रथमच सविस्तर लेखनिविष्ट झाले. तेही कायदेशीर बंधन न घालता. खरा पेच मालाचा होता. तो सोडविण्याच्या वाटाघाटींत आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचा मोठा वाटा होता. त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराड गावचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये वराडकर व बोरिस जॉन्सन यांची भेट झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात झालेल्या समझोत्याने मालाची तपासणी भूसीमेऐवजी आयरिश समुद्राकडे नेली. महायुद्धकाळातील तोडगाच, वेगळ्या वेषात, पुन्हा पुढे आला असे म्हणता येईल. संघवाद्यांचा रोषही तसाच होता.

डेन्मार्कलाही अशा सवलती आहेत; पण तो सीमामुक्त क्षेत्रात आहे. सायप्रस अद्याप बाहेर असला, तरी प्रवेशास बांधील आहे. स्वेच्छेने बाहेर राहिलेला आयर्लंड हा संघातील एकमेव देश होय. परिणामतः शेंगेन व्हिसावर भारतीय प्रवाशाला डब्लिनला जाता येत नाही. भारतीयांसाठी २०१५ पासून सुरू झालेल्या ब्रिटिश-आयरिश योजनेनुसार विशिष्ट अल्पकालीन व्हिसांवर मात्र दोन्ही देशांत प्रवास करता येतो. सामाईक प्रवासक्षेत्राचे हक्क केवळ ब्रिटिश व आयरिश नागरिकांचे आहेत, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. डब्लिनमध्ये नोकरी करणारा भारतीय मोटारीने बेलफास्टला निघाला, तर वाटेत त्याला बहुधा कोणी अडवणार नाही. परंतु ब्रिटिश व्हिसा नसेल, तर सीमा ओलांडताच तो बेकायदेशीर प्रवेश करणारा ठरतो. दोन्ही बाजूंच्या बसगाड्यांत व आगगाड्यांत अधूनमधून होणाऱ्या तपासणीत वर्ण पाहून प्रवासी निवडले जातात, अशी तक्रार मानवी हक्कांच्या संघटनांनी वेळोवेळी केली आहे.