अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना औषधं मोफत मिळतात, मग त्यांना विमा कशाला हवा?

अमेरिकेत औषधांच्या किमती हा कायमच वादाचा विषय राहिला आहे. विमा नसेल तर रोज लागणारं औषधही अनेकांना परवडत नाही. पण त्याच देशात काही दवाखाने असे आहेत, जिथे रुग्ण एकही डॉलर न देता औषधं घेऊन घरी जातो. हे दवाखाने आहेत नेटिव्ह अमेरिकन आणि अलास्काच्या मूळ रहिवाशांसाठी.

तरीही याच लोकांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं, 'जूननंतर आजारी पडू नका.' औषधं मोफत असतील, तर असं का म्हटलं जातं?

ही औषधं कोण देतं?

अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ५७० हून अधिक जमाती आहेत. यातल्या अनेक जमातींनी करारांद्वारे आपल्या जमिनी सोडल्या. त्या बदल्यात सरकारवर ज्या जबाबदाऱ्या आल्या, त्यात आरोग्यसेवाही आहे. १९२१ च्या स्नायडर कायद्याने या खर्चाला कायदेशीर आधार मिळाला. १९५५ पासून हे काम इंडियन हेल्थ सर्व्हिस, म्हणजेच आयएचएस पाहते. इथे 'इंडियन' म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेचे मूळ रहिवासी.

काही दवाखाने आयएचएस स्वतः चालवते. १९७५ च्या कायद्यामुळे जमातींना ते आपल्या हाती घेता येतात, आणि अनेकींनी तसं केलं आहे. शहरांमध्ये वेगळी केंद्रं आहेत, तिथले नियम मात्र वेगळे असू शकतात.

फार्मसीत काय होतं?

प्रत्येक दवाखान्याची औषधांची ठरलेली यादी असते. यादीतलं औषध सहज मिळतं, यादीबाहेरच्यासाठी वेगळी मंजुरी लागू शकते. १९९२ च्या कायद्यामुळे आयएचएसला ब्रँडेड औषधं ठरावीक मर्यादेतल्या किमतीत मिळतात. जमातींच्या दवाखान्यांना '३४०-बी' या सवलत योजनेतूनही खरेदी करता येते.

इथल्या फार्मासिस्टचं काम गोळ्या मोजून देण्यापुरतं नसतं. रुग्णाची नोंद त्यांच्यासमोर असते. ते रुग्णालाच तीन प्रश्न विचारतात: डॉक्टरांनी हे औषध कशासाठी दिलं आहे? ते कसं घ्यायला सांगितलं आहे? त्याने काय होईल असं सांगितलं आहे? रुग्णाला काय समजलं आणि काय राहून गेलं, ते यातून लगेच कळतं. ही पद्धत पुढे फार्मसीच्या शिक्षणातही रुजली.

अंतर ही मोठी अडचण आहे. एकट्या नावाहो नेशनचा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळपास एक चतुर्थांश आहे. म्हणून काही ठिकाणी नेहमीची औषधं टपालाने घरी पाठवली जातात.

मग विमा कशाला?

कारण आयएचएस ही आरोग्यसेवा आहे, विमा नाही. तिचे पैसे संसदेने मंजूर केलेल्या रकमेतून येतात. ती रक्कम ठरलेली असते, रुग्ण वाढले म्हणून आपोआप वाढत नाही.

म्हणून रुग्णाला मेडिकेड, मेडिकेअर किंवा खासगी विमा घ्यायला सांगितलं जातं. औषध तिथूनच मिळतं, पण बिल विमा योजनेकडे जातं. आलेले पैसे दवाखान्याकडेच राहतात आणि सेवेवर खर्च होतात. मेडिकेडमधून या दवाखान्यांत दिलेल्या सेवेचा पूर्ण खर्च केंद्र सरकार उचलतं, राज्याला त्यात वाटा द्यावा लागत नाही. थोडक्यात, एका रुग्णाच्या विम्यामुळे पुढच्या रुग्णाच्या औषधाची सोय होते.

बाहेरच्या रुग्णालयात गेलं तर?

खरी अडचण इथे सुरू होते. हृदयविकाराचे किंवा कर्करोगाचे तज्ज्ञ प्रत्येक दवाखान्यात नसतात. बाहेर पाठवलेल्या रुग्णाचा खर्च 'पर्चेस्ड/रेफर्ड केअर' या वेगळ्या निधीतून होतो, पण अटी कडक आहेत. रुग्ण ठरलेल्या भागात राहणारा हवा. उपचार प्राधान्यक्रमात बसायला हवा. आधी मंजुरी हवी. तातडीच्या वेळी ७२ तासांत कळवावं लागतं, वृद्ध आणि दिव्यांगांना ३० दिवसांची मुदत असते. शिवाय विमा किंवा दुसरा कोणताही मार्ग असेल, तर आधी तो वापरावा लागतो. हा निधी सर्वात शेवटी पैसे देतो.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. अनेक ठिकाणी हा निधी त्याआधीच आटत असे, आणि जीव किंवा अवयव धोक्यात नसेल तर मंजुरी मिळणं अवघड होई. 'जूननंतर आजारी पडू नका' हे वाक्य त्यातूनच आलं.

आता काय बदललं?

२०१० मध्ये या सेवेचा मूळ कायदा कायमस्वरूपी झाला. २०२२ च्या अखेरीस संसदेने पहिल्यांदाच आयएचएससाठी पुढच्या वर्षाचीही तरतूद आगाऊ मंजूर केली. त्यामुळे सरकारी कामकाज ठप्प झालं तरी दवाखाने सुरू ठेवणं सोपं होतं. पण निधीची मर्यादा कायम आहे.

म्हणूनच रुग्णासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. एक, मोफत औषधं मिळत असली तरी विम्यासाठी नाव नोंदवणं. दोन, बाहेर उपचार घेण्याआधी मंजुरी आहे का, हे विचारणं. बाहेरच्या डॉक्टरने लिहून दिलेलं औषध अनेकदा आपल्याच दवाखान्याच्या फार्मसीत मिळू शकतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी तिथे चौकशी केलेली बरी.