शेजारच्या बाकावरचा मास्तर

आम्हां मास्तरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गणितात अडलेल्या पोराला पुष्कळदा मास्तरांपेक्षा शेजारच्या बाकावरचा सोबती चटकन समजावून देतो. कारण त्याच उदाहरणाशी तो स्वतः परवाच अडखळलेला असतो. मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या शुश्रूषेतही हेच सत्य दडलेले आहे. त्याची ही हकिकत.

१७ फेब्रुवारी १९६५. अमेरिकन नटी पॅट्रिशिया नील ह्यांच्या मेंदूत लॉस एंजलिस येथे एकाएकी रक्तस्राव झाला. वय अवघे ३९; आदल्याच वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळालेले; पोटात तीन महिन्यांचे मूल. शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे तीन आठवड्यांनी शुद्ध आली, तेव्हा उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. पानेच्या पाने संवाद मुखोद्गत करणाऱ्या बाईला रोजच्या वस्तूंची नावे आठवेनात!

पती रोआल्ड डाल हे नामांकित लेखक. त्यांनी पत्नीला इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन ह्या आपल्या गावी आणले आणि घरातच जणू शाळा मांडली. शेजारीपाजारी पाळीपाळीने येत. दिवसाकाठी तास न् तास वाचन, शब्द, कोडी चालत. नीलबाईंना ह्या सक्तीचा संतापही येई. ऑगस्टमध्ये त्यांना सुखरूप मुलगी झाली. पुढे व्हॅलरी ईटन ग्रिफिथ ही शेजारीण शिकवायला आली. तिच्यापाशी ह्या विद्येची कोणतीही पदवी नव्हती. चिकाटी मात्र होती. तिनेच करून घेतलेल्या तयारीवर मार्च १९६७ मध्ये नीलबाईंनी न्यूयॉर्कला मेंदूपीडित मुलांच्या साहाय्यार्थ भरलेल्या समारंभात भाषण केले. १९६८ साली त्या पुन्हा पडद्यावर आल्या.

व्हॅलरीबाईंनी हा अनुभव १९७० साली पुस्तकात मांडला. १९७३ मध्ये त्यातूनच इंग्लंडात अशा रोग्यांसाठी स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. नीलबाईंचे बालपण टेनेसीतील नॉक्सव्हिल शहरात गेले होते. तेथे १९७८ मध्ये त्यांच्या नावाचे पुनर्वसन केंद्र निघाले, आणि त्या स्वतः तेथील रोग्यांना भेटून धीर देऊ लागल्या. डॉक्टर इलाज सांगतो, शेजारी हात देतो. पण ‘ह्या वाटेने मी चालून आले’ हे तीच सांगू शकत होती. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरेच. पण ज्याला कळले त्याने ते दुसऱ्यासाठी वापरले, तर जळल्याचेही सार्थक होते. पुढे अनेक देशांत मेंदूपीडितांनीच मेंदूपीडितांना सोबत करण्याची रीत रुळली.

वाचकहो, फराळाचे ताट घेऊन ह्या दिवाळीत अशा एखाद्या घरी गेलात, तर त्या माणसाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नका. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थोडे थांबा. आणि त्याच दुखण्यातून उठलेला कोणी ओळखीचा असेल, तर त्यालाही बरोबर न्या. खरा मास्तर तो.