विंड चाइम घ्यायचाय की घरी बनवायचाय? आधी भोक कुठे पाडायचं ते समजून घ्या

एकाच दुकानात शेजारी टांगलेले, सारखेच दिसणारे दोन विंड चाइम. एकाचा सूर काही सेकंद हवेत रेंगाळतो, दुसऱ्याचा नुसता खडखडाट होतो. असं का होतं? धातूचा फरक पडतोच, पण बरेचदा खरं कारण त्याहून साधं असतं. नळी दोऱ्याने नेमकी कुठे धरली आहे, यावर तिचा आवाज ठरतो.

नळीवर टोला बसला की ती धनुष्यासारखी किंचित वाकते, मग उलट्या बाजूला वाकते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. त्यात नळीचा मधला भाग आणि दोन्ही टोकं सगळ्यात जास्त हलतात. मात्र प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावरची जागा जवळपास स्थिर असते. दोरा तिथे असेल तर कंपनाला अडथळा होत नाही. तो अगदी टोकाला असेल तर कंपन दोऱ्यातच जिरतं आणि सूर मरतो. पटत नसेल तर धातूची एखादी नळी या जागी दोन बोटांच्या चिमटीत धरून मध्यावर ठोका. मग तीच नळी मध्यावर धरून टोकाला ठोका. फरक लगेच ऐकू येईल.

घरी बनवायला अॅल्युमिनियमचा पाइप सगळ्यात सोयीचा. तो हॅक्सॉने सहज कापता येतो, गंजत नाही आणि बराच वेळ घुमतो. एक इंच व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा, ६० सेंटिमीटर लांब तुकडा साधारण हार्मोनियमच्या काळी चारच्या आसपास वाजतो. पुढचं गणित मात्र बासरी किंवा तारेसारखं नाही. तार निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो, नळी निम्मी केली तर दोन सप्तकं. एकच सप्तक वर जायचं असेल तर लांबी साधारण ७१ टक्के ठेवावी लागते.

वारा सूर निवडून वाजवत नाही, त्यामुळे कुठलेही दोन सूर एकत्र आले तरी कानाला बरे वाटले पाहिजेत. म्हणूनच अनेक विंड चाइम पाच सुरांच्या सप्तकात लावलेले असतात. आपल्याकडे त्याचं ओळखीचं रूप म्हणजे भूप: सा, रे, ग, प, ध. पहिली नळी ६० सेंटिमीटरची घेतली तर पुढच्या ५६.६, ५३.७, ४९ आणि ४६.५ सेंटिमीटरच्या कापायच्या. वरचा सा हवा असेल तर सहावी ४२.४ ची. सगळ्या एकाच पाइपातून कापा, नाहीतर हिशोब चुकतो. आधी दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून मग कानशीने घासत सुरात आणा. कमी झालेली लांबी परत येत नाही.

अमेरिकेतले तालवादक गॅरी क्विस्टॅड यांनी १९७९ मध्ये अंगणातल्या खुर्चीच्या अॅल्युमिनियम नळ्या कापून प्राचीन ग्रीक सप्तकात विंड चाइम बनवला. त्यातूनच पुढे त्यांची वुडस्टॉक चाइम्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे भंगारातली नळीही चालते.

६० सेंटिमीटरच्या नळीत भोक वरून १३.४ सेंटिमीटरवर येतं, ४२.४ च्या नळीत साडेनऊवर. भोक आरपार पाडून कडा कानशीने गुळगुळीत करा. धारदार कडेने दोरा कापला जातो आणि विंड चाइम पडण्याचं हे नेहमीचं कारण असतं. भोकं एका रेषेत येतील अशा नळ्या गोल फळीला टांगा. मधला लाकडी लोलक या रेषेच्या साधारण १४ सेंटिमीटर खाली ठेवला की तो प्रत्येक नळीच्या मध्याजवळ आपटतो. तळाला वारा धरण्यासाठी हलकी पाटी लागते. जुनी सीडीही चालेल.

विकत घेताना आठ नळ्या की सहा, यात वेळ घालवू नका. शुभ-अशुभ ज्याचं त्याने ठरवावं, आवाजाशी त्या आकड्याचा संबंध नाही. एक नळी हलकेच वाजवा, आवाज विरेपर्यंत मनात मोजा आणि दोरा कुठे ओवलाय ते पाहा. बांबूचा आवाज ठोकळ पण मऊ असतो, छोट्या गॅलरीत तोच बरा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ लोखंडी नको, खारी हवा त्याला टिकू देत नाही. गोव्यातल्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेल्या पातळ शिंपल्यांचेही विंड चाइम मिळतात. पण आपल्याकडे त्या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे स्वतः गोळा करण्याच्या फंदात पडू नका.

टांगताना भिंतीपासून हातभर तरी अंतर ठेवा. एरवी नळ्या भिंतीवर आपटतात आणि भिंतीच्या आडोशाला वाराही पोचत नाही. झाडाच्या फांदीला तार आवळू नका, साल कापली जाते. रुंद पट्टा वापरा.

यातला नाजूक मुद्दा शेजाऱ्यांचा. दिवसा गोड वाटणारा आवाज जून-जुलैच्या वाऱ्यात रात्रभर चालू राहिला तर शेजारच्या खोलीतल्या तान्ह्या बाळाची किंवा आजारी माणसाची झोप उडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. पण प्रकरण नियमापर्यंत जाऊच कशाला द्यायचं? विंड चाइम आकड्याला अडकवा म्हणजे रात्री काढून ठेवता येतो. तेवढं जमत नसेल तर तळाची पाटी वर घेऊन नळ्यांभोवती एक रिबन बांधा, की काम झालं. पावसाळ्याआधी दोरेही तपासा. तंगूस उन्हाने कडक होऊन एक दिवस अचानक तुटतो, आणि खाली कुणीतरी उभं असू शकतं.